खतातली अळी कुणाची? गेंड्या भुंगा आणि हुमणी ओळखण्याची पायरीपायरीने रीत

दोन वर्षांमागे मे महिन्यात मामांचा फोन आला. "बघ गं, उकिरड्यात हुमणीचं घरच सापडलंय." शेणखत उपसताना अंगठ्याएवढ्या जाड, विळ्यासारख्या वाकलेल्या पांढऱ्या अळ्या निघाल्या होत्या. गावातल्या एका दुकानदाराने बघताक्षणी "हुमणीच" म्हणून सांगितलं, दाणेदार औषधाची पिशवी दिली आणि मामांनी ती सगळी उकिरड्यात ओतली. सप्टेंबरात त्यांच्या खोडव्यातली (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसातली) बेटं पिवळी पडायला लागली, हाताने ओढली तरी उपटून यायची. मुळाशी खणलं तर खरी हुमणी तिथे बसलेली, उकिरड्यातल्या अळीच्या निम्म्या आकाराची. मे महिन्यात मारलेली अळी गेंड्या भुंग्याची होती. तिने उसाचं एक मूळही कधी खाल्लं नसतं.

माझं माहेर सांगलीतल्या वाळव्याकडचं, उसाचं. सासर कोकणात, गुहागर तालुक्यात, माडांची वाडी. त्यामुळे हे दोन्ही भुंगे मी हातात धरून पाहिलेत आणि दोघांनी केलेलं नुकसानही सोसलंय. एकाचं राज्य किनाऱ्यावरच्या दमट हवेत, माडाच्या शेंड्यावर. दुसऱ्याचं देशावरच्या माळात, मातीच्या आत. दोघे एकाच स्कॅरॅबिडी कुळातले, म्हणून अळ्या दिसायला सारख्या. पण राहणी इतकी वेगळी की एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर पैसा आणि हंगाम दोन्ही वाया जातात.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा

गेंड्या भुंग्याची अळी कुजलेलं खाते आणि जिवंत झाडाला हात लावत नाही. नुकसान करतो तो मोठा भुंगा. हुमणीचं बरोबर उलटं आहे. तिचा भुंगेरा रात्री कडुनिंबाची, बाभळीची पानं कुरतडतो, त्याने उसाचं काही बिघडत नाही. ऊस संपवते ती अळी, जमिनीखाली, मुळं खाऊन.

आता गंमत अशी की नुकसान करणारी अवस्था दोन्ही बाबतींत लपलेली असते. गेंड्या माडाच्या गाभ्यात, हुमणी मातीत. सहज हाती लागते ती दुसरी अवस्था: गेंड्याची अळी खताच्या खड्ड्यात आणि हुमणीचा भुंगेरा झाडावर. म्हणून कोकणात खड्डा धरायचा, देशावर झाड धरायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पायरी १: अळी कुठे आणि केव्हा सापडली ते लिहून ठेवा

अळी हातात आली की लगेच चिरडू नका. आधी जागा बघा. शेणखताचा खड्डा, कुजलेलं माडाचं खोड, पालापाचोळ्याचा ढीग, लाकडाचा भुसा अशा ठिकाणी मिळाली तर संशय गेंड्याकडे. उभ्या पिकाच्या मुळाशी, निव्वळ मातीत मिळाली तर हुमणीकडे.

मग महिना बघा. माळावरच्या हुमणीची वर्षाला एकच पिढी होते. जून-जुलैत अंडी, मग अळी. ऑगस्ट ते ऑक्टोबर ती सर्वांत मोठी आणि सर्वांत खादाड. त्यानंतर ती खोल जाऊन मातीचं घर करते, कोष होतो. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास त्यातून भुंगेरा तयार होतो, पण बाहेर येत नाही. पहिल्या दमदार पावसाची वाट बघत तो तसाच मातीत पडून राहतो. म्हणजे एप्रिल-मेमध्ये जाड पांढरी अळी दिसली तर ती माळावरची हुमणी असण्याची शक्यता फारच थोडी. हे तेव्हा माहीत असतं तर मामांची ती पिशवी वाचली असती.

गेंड्याला असं वेळापत्रक नाही. किनाऱ्यावर ओल आणि ऊब बारा महिने मिळते, त्यामुळे खड्ड्यात एकाच वेळी अंडी, लहानमोठ्या अळ्या आणि कोष असे सगळेच सापडतात. असा मिश्र संसार दिसला तर ती मोठीच खूण समजा.

पायरी २: मापं घ्या

पट्टी नसेल तर आगपेटी चालते, ती साधारण ५ सेंटीमीटर लांब असते. पूर्ण वाढलेली हुमणी सरळ केली तर आगपेटीच्या लांबीच्या आतबाहेर भरते. गेंड्याची पूर्ण वाढलेली अळी ६ ते १० सेंटीमीटर, तळहातभर. पण लहान वयाची गेंड्याची अळी मोठ्या हुमणीएवढीच दिसते, म्हणून नुसत्या लांबीवर निकाल देऊ नका. डोकं बघा. हुमणीचं डोकं पिवळसर तांबूस, गुळगुळीत, चकाकणारं. गेंड्याचं गडद तपकिरी, खडबडीत, बारीक खड्डे पडल्यासारखं, आणि रुंदीला सेंटीमीटरभर.

पायरी ३: शेपटीखालची खूण

सगळ्यांत भरवशाची परीक्षा हीच. दहा पटीचं भिंग असेल तर उत्तम, नाहीतर फोनच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढून तो मोठा करून बघा.

अळी पाण्यात विसळून माती काढा आणि ओल्या फडक्यावर पोट वर करून ठेवा. शेवटच्या खंडाच्या खालच्या बाजूला बारीक केस आणि काटे दिसतील. हुमणीच्या बाबतीत या केसांच्या मधोमध छोट्या काट्यांच्या दोन समांतर ओळी असतात, मधे चिंचोळी मोकळी वाट. शर्टाची चेन अर्धवट उघडी असावी तसं दिसतं. गेंड्याच्या अळीला अशा ओळी नसतात, केस नुसते विखुरलेले. शिवाय गुदद्वाराची फट बघा. गेंड्यात ती आडवी, हसऱ्या ओठासारखी. हुमणीत ती कोन करून मधेच दुमडलेली.

पहिल्यांदा मला या ओळी दिसल्याच नव्हत्या. अळी आखडून घेते, पोट फुगवते आणि मातीचा कण हमखास नेमका तिथेच चिकटलेला असतो. एक युक्ती सांगते. पाणी उकळून खाली उतरवा, अळी त्यात अर्धा-एक मिनिट बुडवा. ती मरते, ताठ होते, आणि पुढे स्पिरिटमध्ये ठेवली तरी काळी पडत नाही. मग निवांत बघता येतं आणि कृषी केंद्रात दाखवायला नमुनाही तयार होतो. तीन-चार अळ्या अशा करा, एकीवर भरवसा नको.

पायरी ४: चालवून बघा

सपाट जमिनीवर किंवा पाटावर अळी सोडा. काही अळ्या लगेच पाठीवर उताण्या होतात आणि पाय वर करून, पाठीच्या जोरावर सरसर चालायला लागतात. या दोन्हींपैकी कुणीच नाहीत. फुलांवर बसणाऱ्या भुंग्यांच्या या अळ्या, खतात राहून खत बारीक करणाऱ्या. त्यांना सुखाने परत खड्ड्यात सोडा. देशावरच्या उकिरड्यात त्या खूप असतात आणि हुमणीच्या नावाखाली फुकट मारल्या जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

हुमणी कुशीवर वळून पायांनी रेटत पुढे सरकते, आणि माती मिळाली की आत घुसते. गेंड्याची जड अळी बहुतेक एका कुशीवर वाकून पडून राहते, फार तर जागच्या जागी वळवळते.

पायरी ५: मोठे भुंगे शेजारी ठेवून बघा

इथे गोंधळ होत नाही. गेंड्या काळा, चकचकीत, साडेतीन ते पाच सेंटीमीटर, डोक्यावर मागे वळलेलं शिंग. नराचं शिंग लांब, मादीचं आखूड. नर-मादी ओळखायचं तर शिंगापेक्षा पार्श्वभाग बघा, मादीच्या टोकाला तांबूस केसांचा दाट झुपका असतो. माळावरच्या हुमणीचा भुंगेरा तांबूस तपकिरी, दोन-अडीच सेंटीमीटरचा, शिंग नाही. कडुनिंबाच्या फांदीवर रात्री टॉर्च टाकला की चिंचोके चिकटवल्यासारखे दिसतात.

आयुष्यातही फरक आहे. गेंड्याचा भुंगा कित्येक महिने जगतो आणि त्या काळात माडामागून माड पोखरतो. हुमणीचा भुंगेरा महिनेन् महिने मातीत निजून राहतो. उघड्यावर त्याचा मुख्य वावर पावसाच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांतल्या रात्रींपुरता असतो. दिवेलागणीला जमिनीतून निघायचं, झाडावर जाऊन पानं खायची, जोडी जमवायची आणि पहाटेच्या आत परत मातीत. मादी साधारण ६० अंडी एकेक करून, सुमारे १० सेंटीमीटर खोल घालते.

पायरी ६: नुकसान वाचायला शिका

माडाकडे बघताना मला नेहमी गणपतीतल्या पताका आठवतात. कागदाची घडी घालून कात्रीने एक तिरका काप दिला की उघडल्यावर दोन्हीकडे सारखी नक्षी उमटते. गेंड्या नेमकं तेच करतो. शेंड्यातली न उमललेली, घट्ट मिटलेली झावळी तो देठाजवळून भोक पाडून पोखरतो, रस चोखतो आणि चावलेला चोथा भोकातून बाहेर ढकलतो. पुढे ती झावळी उमलते तेव्हा पात्यांवर त्रिकोणी, पंख्यासारखे काप दिसतात.

यातून एक उपयोगी हिशोब निघतो. माड साधारण महिन्याला एक झावळी सोडतो. वरून चौथ्या झावळीवर काप असेल तर भुंगा किमान चार महिन्यांपूर्वी येऊन गेलाय. आज त्या माडावर चढून उपयोग नाही. पण देठाच्या बेचक्यात ताजा, ओला चोथा दिसला तर भुंगा आत आहे, त्याच दिवशी चढा किंवा पाडेल्याला (माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला) बोलवा. पोय (माडाचा फुलोरा) पोखरली गेली तर नारळांचा अख्खा घड जातो. लहान माडाचा कोंबच गेला तर माड मरतो. आणि जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, तो गेंड्यापेक्षा घातक, कारण त्याची अळी माडाचं जिवंत खोड आतून खाते.

हुमणीचं नुकसान वरून उशिरा कळतं. पानं पिवळी पडतात, ऊस वाळतो आणि बेट ओढलं की मुळांशिवाय हातात येतं. पाण्याचा ताण समजून लोक पाणी वाढवतात. संशय आला की एक फूट लांब-रुंद, एक फूट खोल खड्डा चार-पाच ठिकाणी खणा आणि अळ्या मोजा.

गेंड्याचा बंदोबस्त: खड्ड्यापासून सुरुवात

आमच्याकडे गायरी, म्हणजे शेणखताचा खड्डा, घराच्या मागेच, वाडीला लागून. म्हणजे भुंग्याचं बाळंतघर आणि जेवणघर शेजारी शेजारी! गेंड्याची अळी खतात साधारण तीन ते सहा महिने असते. म्हणून दर दोन महिन्यांनी खत पूर्ण वरखाली केलं तर पिढी पुरी व्हायला वाव मिळत नाही. आम्ही हे काम सकाळी करतो आणि कोंबड्या मोकळ्या सोडतो. मिनिटाभरात त्यांना कळतं काय चाललंय.

मेलेले उभे माड आणि पडलेली खोडं याहून धोक्याची. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीत माड-पोफळी आडव्या झाल्या. असं खोड वाडीत कुजत ठेवणं म्हणजे भुंग्याला पाळणा देणं. वादळानंतर ते फोडून, वाळवून जाळणं हे पहिलं काम धरा.

खड्ड्यासाठी मेटारायझियम ही हिरवी बुरशी चांगली आहे. खत ओलसर हवं आणि ऊन थेट लागू नये. लागण झालेली अळी आधी खडूसारखी पांढरी, कडक होते, मग हिरवी. अशा मेलेल्या अळ्या काढून टाकू नका, त्यांच्यापासूनच बुरशी पसरते. विकत घेताना मात्र विचारा. गेंड्यावर चालणारी मेटारायझियम मेजस ही मोठ्या बीजाणूंची, हुमणीवर शिफारस होते ती मेटारायझियम ॲनिसोप्ली. दोन्हींची नावं दुकानात "मेटारायझियम" एवढीच घेतली जातात आणि नको ती माथी मारली जाते.

माडावर काय करायचं? भुंगा आत असेल तर टोकाला आकडी असलेल्या लोखंडी सळईने तो काढायचा, मग भोकात निंबोळी पेंड आणि वाळू भरायची. शेंड्याकडच्या दोन-तीन बेचक्यांत दर माडाला पाव किलो निंबोळी पेंड आणि तेवढीच बारीक वाळू, वर्षातून तीनदा: मे, सप्टेंबर आणि डिसेंबर. मे चुकवू नका, पावसात कुणी माडावर चढत नाही. लहान माडांना बेचक्यात १० ते १२ ग्रॅम डांबरगोळ्या ठेवून वर वाळू टाकली तरी चालतं, पण ते दर दीड महिन्याने करावं लागतं. वाळूचा उपयोग नुसता झाकण्यापुरता नाही. शिरताना भुंग्याच्या सांध्यांत ती घासते.

एक किलो एरंडीची पेंड पाच लिटर पाण्यात भिजवून मडक्यांत ठेवली की आंबट वासाने भुंगे येऊन पडतात. आमच्या सासूबाई हेच करायच्या. गंधसापळे मिळतात तेही चांगले, हेक्टरी एक पुरतो. सापळा लहान माडांच्या मधोमध टांगू नका. वासाने आलेले सगळेच भुंगे बादलीत पडतात असं नाही, उरलेले शेजारच्या माडावर बसतात.

या भुंग्याला नवीन मुलूख मिळाला की तो काय करतो हे जगाने पाहिलंय. १९०९ मध्ये तो रोपांबरोबर सामोआ बेटांवर पोहोचला आणि पॅसिफिकमधल्या माडांवर संकट आलं. १९६३ मध्ये मलेशियात त्याला मारणारा विषाणू सापडला आणि १९६७ मध्ये सामोआत सोडल्यावर तिथले माड सावरले. आपल्याकडे कासारगोडच्या केंद्रीय बागायती पिके संशोधन संस्थेने याच विषाणूवर काम केलं आहे. वाडी मोठी असेल तर रत्नागिरीजवळ भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्रात जाऊन याची चौकशी जरूर करा.

हुमणीचा बंदोबस्त: पहिल्या पावसाची रात्र

इथे सगळं काही वेळ साधण्यावर आहे. वळवाचा किंवा मृगाचा पहिला चांगला पाऊस पडला की त्याच संध्याकाळपासून तयारीत राहा. साहित्य एवढंच: लांब काठीची आकडी, टॉर्च, जुनी चादर, रॉकेल टाकलेल्या पाण्याची बादली. रात्री आठ-साडेआठच्या सुमारास बांधावरच्या कडुनिंब, बाभूळ आणि बोरीखाली चादर पसरायची आणि फांदी जोरात हलवायची. भुंगेरे टपाटपा पडतात, ते बादलीत. एका झाडावर सरासरी २० किंवा जास्त भुंगेरे दिसले तर मोहीम घ्यायलाच हवी.

दोन गोष्टी मला मामांच्या शेतावर कळल्या. एक, पहिल्या तीन-चार रात्री सोन्याच्या. मादीने अंडी घालण्याआधी ती पकडली तर ६० अळ्या टळल्या. पंधरा दिवसांनी तीच मादी पकडून तेवढा फायदा नाही. दुसरी, एकट्याच्या शेतात भागत नाही. आपण आपल्या कडुनिंबावरचे वेचले आणि शेजाऱ्याने नाही, तर त्याचे भुंगेरे आपल्याच सरीत येऊन अंडी घालतात. मागच्या वर्षी मामांनी बांधाला बांध असलेल्या अकरा घरांना एकत्र केलं, पोरं टॉर्च घेऊन निघाली. तीन रात्रीत बादल्या भरल्या.

प्रकाशसापळा लावायचा तर संध्याकाळी सात ते साडेनऊ. रात्रभर दिवा ठेवला तर मित्रकीटकही मरतात.

अंडी घातली गेलीच असतील तर लागणीच्या किंवा खोडव्याच्या वेळी मेटारायझियम हेक्टरी २० किलो, चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओल असताना द्या. उपयुक्त सूत्रकृमी, ज्यांना सगळे ईपीएन म्हणतात, तेही लहान अळीवर काम करतात. जून-जुलैतली छोटी अळी मारणं सोपं, सप्टेंबरातली जाड अळी जवळपास कशालाच दाद देत नाही. रासायनिक औषध घ्यायचंच ठरलं तर पाडेगावचं मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र किंवा जवळचं कृषी विज्ञान केंद्र यांना विचारून, उसासाठी नोंदणी असलेलंच घ्या. ऊस तुटल्यावर खोल नांगरट करा. मागे बगळे, मैना, कावळे येतात, त्यांना हाकलू नका.

नदीकाठच्या काळ्या जमिनीत ऊस असेल तर आणखी एक खबरदारी. कृष्णा-पंचगंगेच्या काठाला माळावरची हुमणी कमी, ल्युकोफोलिस ही दुसरी हुमणी जास्त. शेपटीखालच्या दोन ओळी तिलाही असतात. तिथे कडुनिंब हलवून काही पडलं नाही म्हणून निर्धास्त राहू नका, खड्डे खणून बघाच.

नमुना कसा द्यायचा

शंका उरली तर उकळत्या पाण्यातून काढलेल्या तीन-चार अळ्या, आणि मिळाला तर एक भुंगा, झाकण घट्ट असलेल्या बाटलीत स्पिरिटमध्ये बुडवा. कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलने गाव, तारीख, कुठल्या पिकात की खतात, किती खोल, आणि तुमच्याकडे पहिला पाऊस कधी पडला हे लिहा आणि चिठ्ठी बाटलीच्या आत टाका. शाई स्पिरिटमध्ये विरघळते, पेन्सिल टिकते. मामांच्या कपाटात आता अशा सहा बाटल्या आहेत आणि खत उपसताना काहीही वळवळलं की दुकानात जाण्याआधी ते आधी कपाट उघडतात.